चालण्याचा दाखला

आमच्या दवाखान्यातला वजनकाटा भिंतीच्या कडेला सहज बसला असता. पण तो ठेवलाय बाकांच्या समोर, बरोबर मध्यभागी, सत्कारमूर्तीची खुर्ची ठेवतात तसा. आपण त्यावर चढायचं आणि नर्सबाईंनी आकडा वाचायचा. त्यांचा आवाज असा की शाळेत असत्या तर मैदानापलीकडची पोरं सावधान उभी राहिली असती.

"एक्याण्णव!"

बाकांवर बारा बायका होत्या. बाराही जणींनी एकदम मोबाइलमध्ये डोकं घातलं. चारचौघांत कुणी घसरून पडलं की सभ्य माणसं जशी आभाळाकडे बघतात, तशी. मी म्हटलं, "चप्पल पायातच राहिली."

"काढा की मग."

काढली.

"एक्याण्णवच!"

इतकी वर्षं मला वाहून नेणाऱ्या चपलेनेही वेळेला साथ दिली नाही.

आत डॉक्टरीणबाई माझ्या कागदांवरून पेन फिरवत होत्या. चौथा महिना संपत आलेला. "साखर काठावर आहे," त्या म्हणाल्या. "औषध नको इतक्यात. रोज अर्धा तास चालायचं. सातव्या महिन्याच्या सुरुवातीला परत तपासू. उतरली तर उत्तम. चढली तर इंजेक्शनं, दिवसाला चार."

"चालून बाळाला काही..."

"चालून काही होत नाही. बसून राहिलात तर होईल."

त्या तीन महिन्यांत माझ्या कानावर पडलेलं हे एकमेव सरळ वाक्य. बाकीची सगळी वळसा घालून आली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढे हसायला येईल आणि मग ती राहून जाईल. माझ्या आईची साखर माझ्या वेळेला चढली. बाळंतपणानंतर उतरेल म्हणाले होते. उतरली नाही. शेवटची तीन वर्षं तिला दिसत नव्हतं, आणि मी शाळकरी पोर तिला हाताला धरून पलंगापासून मोरीपर्यंत न्यायची. झालं. आता पुढे चला.

मी एका कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. आलेला कागद कुठून आला, केव्हा आला, पुढे कुणाच्या टेबलावर गेला, हे रजिस्टरात लिहिणं माझं काम. शिपाईमामांचे गुडघे गेल्यापासून तीन मजल्यांवर टपालही मीच फिरवते. अकरा वर्षं हे केल्यावर माणसंही कागदासारखी दिसू लागतात. काही पुढे पाठवायची, काही नस्तीत लावून ठेवायची, आणि काहींवर नुसती पोच द्यायची. त्याच सवयीने मी एक वही घातली. डाव्या बाजूला आवक, म्हणजे आलेले सल्ले. उजव्या बाजूला जावक, म्हणजे टाकलेली पावलं. पहिल्या आठवड्यातच डावी बाजू पान उलटून पुढे गेली.

माझा नवरा पाण्याचे मीटर तपासतो. त्याला कुठल्याही गोष्टीचा आकडा मिळाला की ती गोष्ट समजली असं वाटतं. दुसऱ्याच दिवशी तो मनगटाला बांधायचा पट्टा घेऊन आला, पावलं मोजणारा. पुठ्ठ्यावर तक्ता आखला, सहा हजारांवर लाल रेघ मारली, आणि तक्त्याच्या दोन प्रती केल्या. एक फ्रिजच्या दारावर, एक डॉक्टरीणबाईंना दाखवायच्या फाइलीत. वर ठळक अक्षरांत माझं नातं लिहिलं, 'सौ.ची पावले'. मग रोज संध्याकाळी सात वाजता तो फ्रिजसमोर उभा राहून नुसतं एवढंच म्हणायचा, "हात."

मी हात पुढे करायची. तो वाकून आकडा वाचायचा. बारा वर्षांच्या नोकरीत त्याने कुठल्या मीटरला 'कसा आहेस' विचारलं नसेल. मलाही नाही विचारलं.

सासूबाईंना हा प्रकार पहिल्यापासून पसंत नव्हता. "चालायचं? कशाला? आम्ही काय चालून चालून बाळंत झालो?"

"आई, तुम्ही दिवसभर उभ्याच असायचात की."

"मग? कुणी बस म्हणालं असतं तर बसले नसते?" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीशी उशी सारली. "मला कुणी म्हणालं नाही. मी म्हणतेय. बस."

मी बसले. मग त्या आत गेल्यावर हळूच उठले.

गल्लीत चालणं म्हणजे काय, हे न चाललेल्या माणसाला सांगून कळणार नाही. पदपथावर दुचाक्या उभ्या, त्यांच्यामध्ये कुंड्या, कुंड्यांमध्ये कुत्रं. पण खरा अडथळा माणसांचा. जाड बाईचं पोट लोकांच्या लक्षात यायला पाचवा महिना निम्मा व्हावा लागतो. तोपर्यंत सगळी गल्ली समजत होती की मी वजन उतरवायला निघालेय. "वा, वा! सोडू नका हं, पंधरा दिवसांत फरक दिसेल." पंधरा दिवसांत फरक दिसला. त्या दिवसापासून तीच माणसं त्याच कोपऱ्यावर म्हणू लागली, "अहो, अशा अवस्थेत? बसा बघू!"

एका संध्याकाळची नोंद बघा. एकूण वेळ तीस मिनिटं. पैकी चालणं अकरा, ऐकणं एकोणीस. समोरच्या वहिनींनी सांगितलं की चढ टाळा. इस्त्रीवाल्याने सांगितलं की उतार टाळा. आमच्या गल्लीत तिसरा प्रकार नाही. शेवटी तळमजल्यावरच्या निवृत्त काकांनी गाडी माझ्या अंगाशी आणून थांबवली आणि काच खाली केली.

"बसा."

"काका, मी चालायलाच आलेय."

"ते राहू द्या. बसा आधी."

मागे तीन गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. बसले. घर चारशे पावलांवर होतं. काकांनी दारात सोडलं, वर येऊन पाणी प्यायले, आणि नवऱ्याला म्हणाले, "नशीब मी बघितलं. बायकोकडे लक्ष द्या जरा." नवरा ओशाळला. मग सात वाजले, त्याने हात वाचला, आणि परत ओशाळला.

त्याच आठवड्यात एका दुचाकीचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. मला खरचटलंही नाही, पण सासूबाईंनी गल्ली कायमची बंद केली. मग मी घरातच फेऱ्या मारायला लागले, खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी. तिसऱ्या दिवशी खालून झाडूचा दांडा छताला ठोकल्याचा आवाज आला. पाठोपाठ खालच्या बाई जिन्याने धापा टाकत वर. "तसं काही नाही हो, पण रोज संध्याकाळी कपाट सरकवता का तुम्ही?"

नवरा म्हणाला, "हो, जरा आवराआवर चाललीय."

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांत माझ्यासाठी तो एकदाच खोटं बोलला, आणि तेही मला कपाट ठरवून.

राहिली गच्ची. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्ची डोक्यावरच; अठरा पायऱ्या आणि एक कुलूप. किल्ली सेक्रेटरींच्या गळ्यात, जानव्यासारखी नव्हे, पदकासारखी. त्यांनी नियमांची फाइल काढली.

"नियम चौदा. गच्चीचा वापर तीनच कामांसाठी. कपडे वाळत घालणे, टाकीची दुरुस्ती, आणि शोकसभा."

"म्हणजे चालता चालता मी तिथे आटोपले तर पुढचं नियमात बसतं."

"असं अभद्र बोलू नका वहिनी. मी तुमच्या बाजूचाच आहे. डॉक्टरांचा दाखला आणा, 'चालणे आवश्यक' असा. समितीपुढे ठेवतो. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

मी म्हटलं, मी. ते म्हणाले, तुम्ही समितीत नाही.

दवाखान्यात दाखल्याची खिडकी वेगळी आहे. खिडकीतल्या बाईंनी माझं म्हणणं दोनदा ऐकलं.

"चालण्याचा दाखला नसतो. विश्रांतीचा असतो."

"मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"मग चाला ना. त्याला दाखला कशाला?"

"आमच्या इमारतीत लागतो."

बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की इमारतीचा पत्ता विचारतील आणि तिकडे कधी फिरकणार नाहीत. पण बाई चांगल्या होत्या. छापील वही ओढली. 'सदर महिलेस पूर्ण विश्रांतीची आवश्यकता आहे.' खाली कार्बन घातला, नाव-वय लिहिलं, आतून सही आणली, शिक्का मारला, दोन्ही प्रती फाडल्या. मग वरच्या प्रतीवर 'पूर्ण विश्रांतीची' हे शब्द खोडले, त्यावर 'दररोज चालण्याची' असं लिहिलं, बाजूला आद्याक्षरं केली, पुन्हा शिक्का मारला. "झालं तुमचं काम? जा आता."

अकरा वर्षं मी माझ्या खिडकीतून लोकांना एकच गोष्ट सांगत आलेय. मूळ प्रतीवर दुरुस्ती केली की कार्बनवरही करून घ्या, नाहीतर जगात तुमच्या दोन गोष्टी फिरत राहतील. त्या दिवशी मी आनंदात होते. दोन्ही कागद घडी घालून पर्समध्ये ठेवले. मूळ प्रत सेक्रेटरींना दिली, आणि कार्बनची प्रत कार्यालयात, सकाळी चालून अर्धा तास उशिरा येण्याच्या अर्जाला जोडून. वाचली नाही. दुसऱ्यांचे कागद वाचणाऱ्या माणसाला स्वतःचे वाचायची सवय नसते.

चौथ्या दिवशी आदेश आला. 'सहानुभूतिपूर्वक विचार करून' माझी बदली तळमजल्यावरच्या अभिलेख खोलीत. खुर्चीवर उशी, पायाखाली पाट, हाताशी घंटा. टपाल फिरवण्याचं काम परत शिपाईमामांकडे. मामा गुडघा धरून जिना चढताना माझ्याकडे जे बघत, त्याची नोंद मी कुठल्याच बाजूला केली नाही.

मी साहेबांकडे गेले. साहेब खरोखर भला माणूस. "बाई, आभार मानायची गरज नाही. आम्हीही घरदारवाली माणसं आहोत."

"साहेब, मला चालायचंय."

"दाखल्यात पूर्ण विश्रांती आहे." त्यांनी कागद पुढे केला. होतीच. निळसर, पुसट, पण पूर्ण.

"ती दुरुस्त केलीय. मूळ प्रतीवर."

"मग मूळ आणा."

"ती आमच्या समितीकडे आहे. झेरॉक्स आणू?"

साहेब हसले. "झेरॉक्स स्वीकारली जाणार नाही, ही पाटी तुमच्याच खिडकीवर आहे, बाई. तुमच्याच अक्षरात."

सेक्रेटरी म्हणाले, समितीपुढे दाखल झालेला कागद परत देता येत नाही, आणि बैठक गणसंख्येअभावी दोनदा पुढे गेलीय. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, एका रुग्णाला एका कारणासाठी एकच दाखला. तिघांचंही बोलणं नियमाला धरून होतं. मला तर ती वाक्यं ओळखीची वाटली. ती माझीच होती. अकरा वर्षं वापरून मऊ झालेली.

पट्ट्यावरचा आकडा अकराशेवर आला. नवरा रोज सातला वाकायचा आणि पट्ट्यावर टिचकी मारायचा. "बंद पडलाय का?" मग तक्त्यात आकडा लिहिताना पेन हातात जड झाल्यासारखा लिहायचा. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणायचा, "तुला मनावर घ्यायला हवं गं."

सासूबाई हे सगळं ओट्याजवळून बघत होत्या. एका सकाळी मी कार्यालयाला निघाले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "किती पाहिजेत त्या डॉक्टरणीला?"

"सहा हजार."

"एवढंच ना? दे इकडे. मी भरून देते."

"आई, तसं नसतं ते."

"तू बस. मी आहे ना." आणि पट्टा त्यांच्या हातावर गेला.

संध्याकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना तो परत माझ्या हातावर आला. नवरा वाकला. सहा हजार दोनशे. त्याने दोनदा वाचलं. मग वर बघितलं, आणि कित्येक आठवड्यांनी त्याचा चेहरा मला पूर्ण दिसला. "बघ! मनावर घेतलं की होतं की नाही?"

तेव्हा मला बोलता आलं असतं. गप्प राहिले. कंबर दुखत होती, दिवसभर घंटा वाजवून जीव विटला होता, आणि घरात दोन माणसं खूश होती. ही चूक माझ्या नावावर. बाकीच्या वाटून घ्या.

पुढे सासूबाईंना चटकच लागली. सहा हजार घरात होईनात, म्हणून त्या गल्लीत उतरल्या. त्यांना कुणी 'बसा' म्हणालं नाही. साठीच्या बाईचं चालणं कुणाच्या डोळ्यांत येत नाही. समोरच्या वहिनी जोडीला मिळाल्या. आकडा सात हजार झाला, आठ झाला. त्यांचा अडलेला गुडघा मोकळा झाला. "बरं वाटतं गं," त्या मला सांगायच्या, आणि माझ्यापुढे दुधाचा पेला ठेवायच्या. "तू पी. तू बस." नवऱ्याने लाल रेघेच्या वर हिरवी रेघ मारली.

सातवा महिना लागला. तिघं दवाखान्यात गेलो. काट्यावर मी चढले.

"अठ्ठ्याण्णव!"

सासूबाईही गंमत म्हणून चढल्या. "एकसष्ट!" चार किलो उतरल्या होत्या. बाकांवरच्या बायकांनी त्यांच्याकडे कौतुकाने बघितलं.

आत डॉक्टरीणबाईंनी डाव्या हातात रक्ताचा कागद धरला, उजव्या हातात तक्ता. एकदा इकडे, एकदा तिकडे. "पावलं तर फारच छान आहेत. महिनाभर तर रोजची सात हजार. मग साखर एवढी का चढली?" मग माझ्याकडे बघितलं, वरून खाली, खालून वर. "खाता काय?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत होत्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर कोडं सुटल्यासारखं काहीतरी आलं. जाड बाई चोरून खाते, हे पटायला कुणाला पुरावा लागत नाही. तोंड उघडलं असतं तरी मी कुणाकडे बोट दाखवणार होते? मला मायेने बस म्हणणाऱ्या एकुलत्या एका माणसाकडे?

'आहारावर नियंत्रण नाही,' असं डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. चार इंजेक्शनं. बाळाचं वजन जास्त, माझा रक्तदाबही वर, म्हणून आता मात्र पूर्ण विश्रांती.

"आणि नंतर?" मी विचारलं. "बाळंतपणानंतर उतरेल ना?"

"बहुतेक," त्या म्हणाल्या. माझ्या आईलाही हाच शब्द सांगितला होता.

दाखल्याच्या खिडकीतल्या बाईंनी मला ओळखलं. छापील वही ओढली, कार्बन घातला. "बघा, या वेळी कसा बरोबर दाखला मागितलात," त्या समाधानाने म्हणाल्या. "खाडाखोड नको, काही नको."

नवरा इंजेक्शनं आणायला मागे थांबला. रिक्षात सासूबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "मला वाटलं, आकडाच लागतो त्यांना." मी त्यांचा हात थोपटला. तो हात पूर्वीपेक्षा हलका झाला होता.

घरी आलो तर दाराच्या फटीत समितीचं पत्र. 'आपल्या अर्जास अनुसरून, गच्चीवर सायंकाळी सहा ते साडेसहा चालण्यास एका व्यक्तीस परवानगी देण्यात येत आहे.' सोबत किल्ली. आणि पिनेने टाचलेला माझा मूळ दाखला. काम झाल्याने परत.

सासूबाई किल्लीकडे बघत होत्या. मग माझ्याकडे. विचारायचा धीर होईना त्यांना.

"जा," मी म्हटलं. "सहा वाजलेत."

त्या पट्टा बांधून वर गेल्या. मी पलंगावर पडले. थोड्याच वेळात डोक्यावर पावलं वाजू लागली. टाकीपर्यंत, परत कठड्यापर्यंत. चांगली दमदार पावलं. मी शंभरपर्यंत मोजली आणि मोजणं सोडलं. हळूच उठले, फ्रिजपाशी गेले. वरचं 'सौ.ची पावले' खोडलं, त्यावर 'आईंची पावले' असं लिहिलं, तारीख घातली, बाजूला आद्याक्षरं केली. मग कपाटातली फाइल काढली, आणि या वेळी दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवरही केली.

सातला नवरा आला. फ्रिजसमोर उभा राहिला. 'हात' म्हणाला नाही. बराच वेळ वाचत राहिला. सासूबाईही शेजारी येऊन पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता विचारेल. चोरून खाल्लं नव्हतंस ना, एवढं तरी.

"म्हणजे मीटर बरोबर होता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. "जोडणी चुकली होती."

मी दिवसातलं शेवटचं इंजेक्शन घेतलं. मग माझी वही काढली, डावी बाजू कोरी सोडली आणि उजव्या बाजूला घरी आल्यापासूनचा माझा खरा आकडा लिहिला. एकशे ब्याण्णव. पट्टा लागला नाही. पलंग ते मोरी, सहा वेळा जाऊन येऊन. ते अंतर मला लहानपणापासून पाठ आहे.